तिसऱ्या गाण्यातला फ्यूज

बेरिलची धाकटी बहीण एनिड हिने एकाहत्तराव्या वर्षी दुसरं लग्न केलं, ते साल २०१३. नवरा तिच्याहून चार वर्षांनी लहान आणि शर्यतीची कबुतरं पाळणारा, त्यामुळे हॉल्मरॉइडमध्ये त्या लग्नाची चर्चा पुढे बराच काळ पुरली. विल्फ्रेड सग्डनला मात्र ते लग्न लक्षात राहिलं ते एका वाक्यासाठी. थंड हॅम संपून गोडाचं ट्रायफल यायच्या मधल्या वेळात, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली त्याची मुलगी गेनॉर कुणाला तरी सहज सांगत होती, की आमच्या बँडवर एक माहितीपट निघालाय आणि त्यात मी बरंच काही बोललेय.

विल्फने ते ऐकलं आणि ताटात उरलेला हॅमचा तुकडा पुन्हा पुन्हा कापत बसला. बेरिलने, म्हणजे त्याच्या बायकोने, ते पाहिलं. पण पन्नास-पंचावन्न वर्षांच्या संसारात हॅम कापणाऱ्या माणसाला काय झालं असं विचारायची पद्धत त्या घरात पडली नव्हती.

बँडचं नाव 'द रस्टी केटल्स'. गंजलेल्या किटल्या. १९७८ साली गावातल्या चार मुलींनी काढलेला पंक बँड. पंक म्हणजे काय ते हॉल्मरॉइडने तेव्हा असं समजून घेतलं होतं: केस हिरवे करायचे, कानात बाळाच्या लंगोटाची पिन अडकवायची आणि तीन सूर येत असले की चौथा शिकायच्या भानगडीत न पडता स्टेजवर चढायचं. गेनॉर सतरा वर्षांची होती आणि ड्रम वाजवायची. ती शिकली विल्फच्या जुन्या काठ्यांवर. विल्फ गिरणीच्या पितळी वाद्यांच्या बँडमध्ये एकवीस वर्षं ड्रम वाजवत होता. काठ्या त्याने दिल्या नव्हत्या. तिने कपाटातून उचलल्या होत्या, आणि त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. त्या घरात बऱ्याचशा वस्तूंची देवघेव अशीच चाले.

गिरणी बंद पडल्यावर विल्फ चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, हॉलचा केअरटेकर झाला, आणि किटल्यांचा पहिला कार्यक्रम नेमका त्याच हॉलमध्ये झाला. जूनमधली शनिवारची दुपार. पहिलं गाणं लोकांनी सोसलं. दुसऱ्याला पुढच्या रांगेतल्या बायका उठून गेल्या. तिसरं सुरू झालं तेव्हा चॅपलमधल्या एका वजनदार गृहस्थाने विल्फच्या कानाशी येऊन विचारलं, "विल्फ्रेड, ती ड्रमवाली तुमचीच ना?" विल्फ स्टेजलगतच्या बोळात गेला आणि त्याने मेन फ्यूज उपसून काढला.

गिटारी मेल्या, गाणारीचा आवाज मेला. पण ड्रमला वीज लागत नाही. बाकीच्या तिघी बावचळून उभ्या राहिल्या आणि गेनॉर एकटी वाजवत राहिली. अकरा मिनिटं. विल्फ चिनी मातीचा तो पांढरा फ्यूज हातात धरून बोळात उभा. तिचं संपल्यावर त्याने फ्यूज परत बसवला, दार लावलं आणि खुर्च्या गोळा करायला घेतल्या. सप्टेंबरमध्ये गेनॉर लंडनला निघून गेली. बँडचं नाव झालं, म्हणजे बहुतेकांना तो माहीत नव्हता, पण ज्यांना माहीत होता ते त्यावर जीव टाकत.

भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर मिटलंही असतं. गेनॉर दर रविवारी संध्याकाळी सहाला फोन करी. फोन विल्फच्या खुर्चीशेजारी असल्यामुळे तोच उचले. तो म्हणे, "हवा कशी आहे तिकडे?" ती सांगे. तो म्हणे, "इकडे पाऊस आहे. आईला देतो." असे पस्तीस वर्षांचे रविवार. त्या अकरा मिनिटांबद्दल तिच्या मनात काय आहे, हे विल्फला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं तर हवेनंतर आणि आईला देण्याआधी विचारायला हवं होतं. तिथे जागाच नव्हती. आता ती ते साऱ्या जगाला सांगून मोकळी झाली होती, आणि विल्फ त्र्याऐंशीचा होता. हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला जिना चढताना मध्ये थांबायला सांगितलं होतं, आणि ते सांगताना ते त्याच्याकडे न बघता कागदाकडे बघत होते.

जून महिन्यात बेरिलच्या नावाने एक पाकीट आलं. आत फिल्मची डिस्क आणि चिठ्ठी. पाकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर संत्र्याच्या मार्मलेडच्या बरणीखाली होतं, म्हणजे विल्फने ते वाचलं असं म्हणण्यापेक्षा मार्मलेड घेताना त्याला ते दिसलं. 'आई, फिल्म पाठवतेय. बाबांनी बघायलाच हवी असं काही नाही. गेनॉर.'

विल्फला ही चिठ्ठी फार लागली. त्याने त्या दिवशी मार्मलेडही घेतलं नाही. म्हणजे आपल्याबद्दल इतकं वाईट बोललीय, की आपल्याला दाखवायचीही तिची तयारी नाही. ठीक आहे. मग तर बघायलाच हवी. पण एकट्याने, कुणाला न कळता. गुरुवारी बेरिल केस सेट करायला जाते तेव्हा. माणसाला आपली बेअब्रू निदान बंद दाराआड बघता यावी, एवढीच त्याची अपेक्षा होती.

घरात डिस्क चालवायचं यंत्र नव्हतं. म्हणून गुरुवारी विल्फ डिस्क कोटाच्या आतल्या खिशात घालून शौकतकडे गेला. शौकत त्याच्या गल्लीत दोन घरं सोडून राहायचा, आणि बसस्टॉपसमोर त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. वय पन्नाशीचं. त्याचे वडील विल्फच्याच गिरणीत रात्रपाळीला होते. शौकतने डिस्क उजेडाकडे धरली, डॉक्टरने एक्स-रे धरावा तशी, आणि म्हणाला, "मिस्टर सग्डन, चालू स्थितीतलं यंत्र सध्या एकच आहे, आणि ते खिडकीतल्या मोठ्या टीव्हीला जोडलंय. इथेच बसा. कोण बघतंय?"

विल्फ धुलाई यंत्राच्या खोक्यावर बसला. फिल्म सुरू झाली. पाच मिनिटांनी शौकतने बाहेर बघितलं. बसस्टॉपवर चौदा माणसांची रांग होती, आणि चौदाच्या चौदा माना दुकानाच्या खिडकीकडे वळल्या होत्या. पडद्यावर सतरा वर्षांची, हिरव्या केसांची गेनॉर होती. बस आली, थांबली आणि गेली. कुणी चढलं नाही. रांगही कुणी मोडली नाही. हॉल्मरॉइडची माणसं बस सोडतील, पण रांगेतला नंबर सोडणार नाहीत.

रांगेत तिसरा नंबर मिसेस क्लेग यांचा होता, आणि त्यांनी मात्र तो सोडला. मिसेस क्लेग म्हणजे हॉल कमिटीच्या सेक्रेटरी. चॅपल बंद पडलं तरी हॉल राहिला होता, आणि हॉल राहिला म्हणून कमिटी राहिली होती. त्या दुकानात आल्या, टीव्हीकडे बघितलं, विल्फकडे बघितलं आणि म्हणाल्या, "विल्फ्रेड, आपल्या गावच्या मुलींवरची फिल्म आणि तुम्ही ती खोक्यावर बसून बघताय? हॉल कशासाठी आहे?"

विल्फने सांगून बघितलं की आपल्याला खोकं आवडतं. उपयोग झाला नाही, फिल्म तिथेच बंद झाली. तो घरी पोहोचायच्या आत बेरिलला केस सेट करतानाच सगळं कळलं होतं. ती रोलर लावलेल्या डोक्यानेच घरी आली आणि इतकंच म्हणाली, "मला विचारलं असतंस तर एनिडकडे नेलं असतं. तिच्या नवऱ्याकडे यंत्र आहे. कबुतरांच्या शर्यती बघतो त्यावर." पण तोवर हॉलच्या सूचनाफलकावर कागद लागला होता, आणि त्या फलकावर लागलेली गोष्ट मागे घेतल्याचं उदाहरण गावात नव्हतं. युद्धाच्या काळात शलगमाच्या प्रदर्शनाची सूचना लागली होती आणि शलगम आले नव्हते, तरी प्रदर्शन झालं होतं.

मग कमिटीचं काम सुरू झालं. फिल्म कंपनीची परवानगी मागवली. ती आली, खुशाल दाखवा असं तिच्यात लिहिलं होतं, पण पत्रावर तारीख नव्हती म्हणून ते परत पाठवलं. तारखेचं पत्र यायला तीन आठवडे लागले. मग संभाव्य धोक्यांचा तक्ता भरायचा होता. त्यात विल्फने 'पडणे', 'घसरणे' आणि 'चहाने भाजणे' हे धोके नोंदवले. जो खरा धोका होता त्याच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. शेवटी प्रश्न होता, फिल्ममध्ये शिव्या आहेत काय? विल्फने लिहिलं, 'मुलगी माझी आहे, पण लंडनला राहते. शक्यता आहे.' यावर कमिटीत तासभर चर्चा झाली आणि ठरलं की रिमोट मिसेस क्लेग यांच्या हातात राहील आणि शिवी आली की त्या आवाज बंद करतील.

गल्लीतल्यांचे सल्ले वेगळेच. कुणी म्हणे पहिल्या रांगेत बस, म्हणजे लोकांना तुझा चेहरा दिसणार नाही. कुणी म्हणे शेवटच्या रांगेत बस, दाराजवळ. फ्यूजची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि ती माहीत असल्याचं कुणी पस्तीस वर्षांत विल्फला जाणवू दिलं नव्हतं. आता एकेक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून जाऊ लागला. सांत्वन आगाऊ मिळत होतं.

आता त्या पेटीबद्दल सांगायला हवं. हॉलच्या भिंतीवर, स्टेजच्या डाव्या अंगाला, आवाजावर पहारा ठेवणारी एक पेटी आहे. तिला तीन दिवे. आवाज बेताचा असला की हिरवा, वाढला की पिवळा, फार झाला की लाल. लाल दिवा पाच सेकंद राहिला की पेटी स्टेजची आणि हॉलमधल्या सगळ्या प्लगची वीज तोडते. व्यायामाच्या वर्गात बायका फार मोठ्याने गाणी लावतात म्हणून आठ वर्षांपूर्वी ही पेटी बसवली, आणि कमिटीत तो ठराव मांडणारा होता विल्फ्रेड सग्डन. चौदावा नियमही त्याचाच: वीज तुटल्यावर दहा मिनिटांनीच चावी फिरवावी, म्हणजे संबंधितांना विचार करायला वेळ मिळेल. आणि एका दिवसात तीनदा तुटली, तर त्या दिवसापुरतं स्टेज बंद. मिसेस क्लेग यांनी त्याला एकच दुरुस्ती सुचवली होती. स्वयंपाकघराची वीज पेटीतून वगळावी, आवाज कितीही झाला तरी चहा थांबता कामा नये. ही दुरुस्ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली होती. तेव्हा पेटी बसायची होती.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी तीन वाजता हॉल भरला. शौकतने दुकानातला मोठा टीव्ही चाकांच्या गाड्यावर घालून आणला आणि स्टेजवर चढवला. विल्फ मधल्या रांगेत बसला. पहिली आणि शेवटची या दोन सल्ल्यांमधला तो मार्ग होता. त्याने लग्नातला टाय लावला होता. शिक्षा ऐकायची तर नीट कपड्यांत ऐकावी. बेरिल शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसली.

फिल्म सुरू झाली. गेनॉरचा चेहरा दिसला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या गावच्या मुलीसाठी मनापासून वाजवल्या. दिवा पिवळा झाला, लाल झाला आणि टीव्ही काळा पडला.

मिसेस क्लेग उभ्या राहिल्या. त्यांनी घड्याळ बघितलं आणि चौदावा नियम वाचून दाखवला, ठराव मांडणाऱ्याच्या नावासकट. साठ माणसं वळून विल्फकडे बघू लागली. दहा मिनिटं विचार करायला फार मोठी असतात. विल्फने विचार केला की आपण हा नियम केला तेव्हा आपल्याला काय झालं होतं.

पुन्हा सुरू झाली. आता टाळ्या कुणी वाजवेना. लोक रुमाल हलवू लागले. पण बोलणं सुरू होताच दुसरी अडचण आली. मिसेस क्लेग ऐंशीच्या होत्या, आणि त्यांचा अंगठा शिवीच्या मागे एक वाक्य असे. शिवी सगळ्या हॉलला खणखणीत ऐकू येई, आणि मग त्यानंतरचं सभ्य वाक्य गडप होई. गाणारी म्हणाली की बँडच्या गाडीचा तो ड्रायव्हर असा होता न् तसा होता, ते सगळ्यांनी ऐकलं. त्याने पुढे आपला जीव वाचवला असं ती बहुधा म्हणाली, पण तेवढ्यात तोंड नुसतंच हललं. अशा रीतीने फिल्ममधल्या सगळ्या शिव्या सलग ऐकणारं हॉल्मरॉइड हे एकमेव गाव असावं.

मग किटल्यांचं पहिलं गाणं आलं आणि दुसऱ्यांदा वीज गेली. आणखी दहा मिनिटं. शौकतने आवाज अगदी खाली आणला. मागच्या रांगा म्हणाल्या ऐकू येत नाही. त्याने जरा वाढवला. श्रवणयंत्रवाले म्हणाले शिट्टी वाजते. एनिडच्या नवऱ्याने सुचवलं की सगळ्यांनी श्रवणयंत्रं काढावीत आणि आवाज तिप्पट करावा. त्याला खाली बसवण्यात आलं.

आणि मग तो बोळ पडद्यावर आला. स्टेजलगतचा बोळ, एका मोठ्या फोटोतला, हल्लीचा, हिरवा रंग दिलेला. गेनॉर कॅमेऱ्यापुढे बसली होती. चष्मा लावलेली, बावन्न वर्षांची, केस आईसारखे पांढरे. ती म्हणाली, "तिसऱ्या गाण्यात वीज गेली. आणि माझा बाप, तो..." पुढे एक शब्द आला, तो सगळ्यांनी ऐकला. मग मिसेस क्लेग यांच्या अंगठ्याने काम केलं आणि पुढे गेनॉर बोलत राहिली. तिचे ओठ हलत होते, हात हलत होते, एकदा ती हसली, एकदा तिने चष्मा काढून पुसला. आवाज नव्हता.

विल्फ उभा राहिला. तो कधी हॉलमध्ये मोठ्याने बोलला नव्हता. "मागे घ्या," तो म्हणाला. मिसेस क्लेग म्हणाल्या की कमिटीच्या ठरावाप्रमाणे... तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं की त्याला ऐकू द्या, दुसरं कुणी ओरडलं की ओरडू नका, मग साठ माणसं एकमेकांना ओरडू नका म्हणून ओरडू लागली. लाल दिवा लागला. पाच सेकंद झाले. तिसऱ्यांदा.

स्टेज त्या दिवसापुरतं बंद. नियमाला पळवाट नव्हती. पळवाट राहू नये म्हणून विल्फने तेव्हा भाषा दोनदा तपासली होती.

तो खाली बसला. कानात तो एकच शब्द राहिला होता. पस्तीस वर्षांनी मुलीचं आपल्याविषयीचं मत मिळालं, आणि ते एका शब्दाचं होतं. बेरिलने पर्स उघडून त्याला पुदिन्याची गोळी दिली. त्याने ती तोंडात टाकली नाही, नुसती हातात धरून बसला.

शौकत स्टेजवर टीव्हीशेजारी उभा होता. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मिस्टर सग्डन, स्वयंपाकघराची वीज चालू आहे ना?"

सगळ्यांना एकदम आठवलं. टीव्हीचा गाडा लोटत लोटत स्वयंपाकघरात नेला. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीत चहाचे कप द्यायची एक रुंद खिडकी आहे. टीव्ही तिच्या तोंडाशी लावला, म्हणजे वीस माणसं आत उभी राहतील आणि बाकीची बाहेरून खिडकीतून बघतील. पण आत पोहोचल्यावर दिसलं की प्लगच्या जागा दोन. एकीवर 'वापरू नये' अशी चिठ्ठी होती, विल्फच्याच अक्षरातली, १९९६ ची. दुसरीवर चहाचा बॉयलर लावलेला होता, आणि त्यातलं पाणी नुकतं कुठे कोमट झालं होतं.

चहा की फिल्म, हा प्रश्न कमिटीने उभ्या उभ्या मताला टाकला. आधी चहा, असं एकमताने ठरलं. विल्फचाही हात वर होता. पस्तीस वर्षं थांबलेल्या माणसाला वीस मिनिटांचं काय, आणि शिवाय त्याचा घसा कोरडा पडला होता. सगळे बॉयलरकडे बघत उभे राहिले. फिल्मकडे इतक्या शांतपणे त्यांनी बघितलं नव्हतं. चहा झाला, कप वाटले गेले, बिस्किटं फिरली, आणि मग शौकतने बॉयलरची वायर काढून टीव्हीची लावली.

विल्फ मिसेस क्लेग यांच्याजवळ गेला आणि त्याने हात पुढे केला. मिसेस क्लेग यांनी रिमोटकडे बघितलं, त्याच्या टायकडे बघितलं आणि रिमोट त्याच्या तळहातावर ठेवला. "मी बिस्किटांचं बघते," त्या म्हणाल्या, पण हलल्या नाहीत.

गेनॉर पुन्हा बोळासमोर बसली.

"तिसऱ्या गाण्यात वीज गेली. आणि माझा बाप, तो हरामखोर, त्याच्यासारखा माणूस नाही. सगळे सांगतात गेनॉरच्या बापाने फ्यूज काढला. काढला खरा. मी चिडले. त्याला दाखवायचं म्हणून एकटीच वाजवत राहिले. माझ्या जागेवरून हा बोळ दिसायचा, फक्त मलाच. तो फ्यूज हातात धरून उभा होता, तोंड दगडासारखं. आणि खाली त्याचा पाय ठेका धरत होता. उजवा पाय. मला आधी वाटलं भास आहे. मी वेग वाढवला, तर पायाने वाढवला. मी मध्येच एक ठोका गाळला, तर पायही थांबला आणि बरोबर पुढच्या ठोक्याला आला. मग मी त्याच्यासाठीच वाजवलं. म्हटलं, तो पाय थांबला की थांबायचं. पण तो थांबेचना. शेवटी माझेच हात गळाले. नंतर मी खूप ठिकाणी वाजवलं, पण तसं ऐकणारं कुणी मला परत मिळालं नाही." इथे तिने चष्मा काढून पुसला. "त्याला स्वतःला हे माहीत नाही. सांगू नका कुणी. लाजेल बिचारा."

पडद्यावर त्या दुपारची ध्वनिफीत सुरू झाली, कुणाच्या तरी बॅटरीवरच्या साध्या टेपरेकॉर्डरवर घेतलेली. खरखर, मग एकटा ड्रम. हळूहळू आतल्या वीस माणसांच्या नजरा खाली उतरल्या. खिडकीबाहेरच्यांना दिसत नव्हतं म्हणून ते पुढच्यांना विचारू लागले, आणि पुढच्यांनी कुजबुजत सांगितलं. विल्फने सगळे कुठे बघतायत म्हणून खाली बघितलं. त्याचा काळा, पॉलिश केलेला बूट फरशीवर ठेका धरत होता.

त्याने तो थांबवायचा प्रयत्न केला. बूट दोन ठोके थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"चॅपलमध्ये प्रत्येक भजनाला करायचास," बेरिल हळूच म्हणाली. "मला वाटलं तुला माहीत आहे."

मिसेस क्लेग यांनी नाक पुसलं आणि त्या शब्दाबद्दल त्या म्हणाल्या की तो प्रसंग बघता चालण्यासारखा आहे, इतिवृत्तात घ्यायची गरज नाही. शौकत टीव्हीच्या मागे वायर तपासत बराच वेळ वाकून राहिला. वायरला काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सहाला फोन वाजला. बेरिल सवयीने विणकाम बाजूला ठेवून उभी राहिली होती.

"हवा कशी आहे तिकडे?" विल्फने विचारलं.

"बरी आहे. ऊन आहे."

"इकडे पाऊस आहे," विल्फ म्हणाला. मग पुढचे दोन शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले, आणि त्याने ते मागे घेतले. "फिल्म बघितली."

"सगळी?"

"स्वयंपाकघरात. चहा झाल्यावर."

"बाबा, मी चिठ्ठीत लिहिलं होतं, की तुम्ही..."

"वाचली मी चिठ्ठी." त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "उजवा नव्हता. डावा."

"काय?"

"पाय. पितळी बँडमध्ये पहिला ठोका डाव्या पायावर येतो. एकवीस वर्षं वाजवलंय मी. तू समोरून बघत होतीस म्हणून तुला उजवा वाटला."

तिकडून कसलातरी आवाज आला. ती हसतेय की आणखी काही, ते त्याला कळेना, म्हणून त्याने तो संपेपर्यंत वाट बघितली. त्याला वाट बघता येत होती.

"फ्यूज काढायला नको होता," तो म्हणाला.

"काढला नसता तर अकरा मिनिटं मला कोण वाजवू देणार होतं?" गेनॉर म्हणाली. "बाबा, आईला नका देऊ एवढ्यात."

बेरिल उभी होती ती खाली बसली. तिने विणकाम पुन्हा घेतलं. पाऊण तासाने तिच्या हातात फोन आला तेव्हा रिसीव्हर गरम झाला होता, आणि चहा गार झाला होता, आणि तिला त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

पुढच्या महिन्यात विल्फने कमिटीत ठराव मांडला की चौदाव्या नियमातली दहा मिनिटं दोनवर आणावीत. चर्चा लांबली आणि चार मिनिटांवर तडजोड झाली. तो फ्यूज त्याच्याकडेच होता. १९९१ साली हॉलची वायरिंग बदलली तेव्हा त्याने तो खिशात घातला होता आणि बागेतल्या शेडमध्ये तंबाखूच्या डब्यात ठेवला होता. ख्रिसमसला गेनॉर आली तेव्हा डबा जेवणाच्या टेबलावर तिच्या ताटाशेजारी होता. कुणी दिला नाही, तिने उचलला. रविवारचे फोन चालू राहिले. आता हवा शेवटी विचारली जाई, आणि कधी कधी राहूनही जाई.

विल्फ्रेड सग्डन १९ नोव्हेंबर २०१४ रोजी, बुधवारी सकाळी, घरीच वारला. तेव्हा तो चौऱ्याऐंशी वर्षांचा होता.